घर, कर्ज आणि काळ : स्थावर मालमत्तेतील गुंतवणुकीची जोखीम नेमकी कोठे असते?

सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०१९ रोजी आम्रपाली समूहाच्या प्रकरणात निकाल दिला, तेव्हा नोएडा आणि ग्रेटर नोएडा येथील त्या समूहाच्या प्रकल्पांत घर नोंदविलेल्या ४२ हजारांहून अधिक ग्राहकांची प्रतीक्षा कित्येक वर्षांची झाली होती. त्यांतील अनेक जण एकीकडे गृहकर्जाचा हप्ता भरत होते आणि दुसरीकडे राहत्या घराचे भाडे देत होते. ग्राहकांकडून घेतलेला पैसा बांधकामाऐवजी अन्यत्र वळविला गेल्याचे न्यायालयाने नेमलेल्या लेखापरीक्षकांच्या तपासणीत उघड झाले. न्यायालयाने समूहाची ‘रेरा’ नोंदणी रद्द केली आणि अपूर्ण इमारती पूर्ण करण्याची जबाबदारी ‘एनबीसीसी’ या सरकारी कंपनीवर सोपविली.

या ग्राहकांचे नुकसान बाजारभाव कोसळल्यामुळे झाले नव्हते. ज्या परिसरात त्यांनी घर नोंदविले होते, तेथे घरांना मागणी होती. त्यांचे नुकसान झाले ते काळामुळे. ठरलेल्या मुदतीत घर मिळाले नाही. व्याज मात्र ठरलेल्या तारखेला जात राहिले.

स्थावर मालमत्तेतील गुंतवणुकीचा विचार करताना भाव चढेल की उतरेल, एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो. प्रत्यक्षात या क्षेत्रातील बहुतेक आर्थिक धोके काळाशी बांधलेले असतात. ताबा केव्हा मिळेल, व्याजदर किती काळ चढे राहतील, भाव किती वर्षे स्थिर राहतील आणि गरज पडल्यास घर विकायला किती महिने लागतील, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर गुंतवणुकीचे यशापयश ठरते.

भाव पडत नाहीत, व्यवहार थांबतात

शेअरचा भाव प्रत्येक क्षणी पडद्यावर दिसतो. घराला असा रोजचा भाव नसतो. शेजारच्या सदनिकेचा व्यवहार किती रकमेला झाला, यावरून अंदाज बांधला जातो आणि तो व्यवहारही कदाचित वर्षभरापूर्वीचा असतो. त्यामुळे घराची किंमत स्थिर आहे, असा समज दृढ होतो.

मंदीच्या काळात घरमालक सहसा कमी भावाला घर विकायला तयार होत नाही. तो थांबतो. खरेदीदारही थांबतो. विकासक जाहीर दर कायम ठेवून वाहनतळाची जागा, स्वयंपाकघरातील साहित्य किंवा मुद्रांक शुल्काची सवलत देऊ करतो. कागदावर भाव उतरलेला दिसत नाही. परंतु व्यवहारांची संख्या घटते आणि विकण्याची घाई असलेल्या माणसाला ग्राहक मिळत नाही. घराचे मूल्य आणि घर विकून हाती येणारा पैसा यांतील हे अंतर म्हणजेच रोखतेची जोखीम. आजारपण, नोकरी जाणे किंवा कुटुंबातील वाटणी अशा प्रसंगी ती प्रथम जाणवते.

भारताने असा काळ अलीकडेच अनुभवला आहे. २०१३-१४ नंतर अनेक मोठ्या शहरांत घरांच्या किमतींची वाढ मंदावली. त्यानंतर नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदी, मे २०१७ पासून पूर्णतः लागू झालेला रेरा कायदा आणि जुलै २०१७ मधील वस्तू व सेवा कर, असे तीन बदल या क्षेत्राने आठ महिन्यांत पचविले. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस समूहाने कर्जफेडीत कसूर केल्यावर बिगरबँक वित्त कंपन्यांकडून विकासकांना मिळणारा पैसा आटला. या कंपन्यांच्या कर्जावर चालणारी अनेक बांधकामे त्या सुमारास थांबली.

अशा काळात भाव ‘पडला नाही’ हे समाधान फसवे असते. समजा, एखाद्या घराची किंमत सहा वर्षे एक कोटी रुपयांवरच राहिली आणि महागाईचा दर सरासरी पाच टक्के होता, तर सहा वर्षांनंतर त्या एक कोटीची खरेदीशक्ती सुमारे ७५ लाखांइतकीच उरते. पंचवीस टक्क्यांची ही घसरण कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही.

कर्जामुळे वाढणारा लाभ आणि तोटाही

घर हे सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील कर्जाने घेतलेले बहुधा सर्वांत मोठे धन असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढील कर्जात ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. उर्वरित भाग ग्राहकाने स्वतः उभारायचा असतो.

एक कोटीच्या घरासाठी २५ लाख स्वतःचे आणि ७५ लाख कर्जाचे, असा व्यवहार गृहीत धरल्यास त्याचे गणित स्पष्ट होते. घराची किंमत दहा टक्क्यांनी वाढली, तर स्वतःच्या २५ लाखांवर दहा लाखांचा, म्हणजे ४० टक्क्यांचा लाभ दिसतो. किंमत दहा टक्क्यांनी घटली, तर नुकसानही ४० टक्क्यांचे होते. कारण बँकेचे ७५ लाख जसेच्या तसे उभे असतात. तेजीच्या काळात मिळालेल्या नफ्याच्या कथांमध्ये कर्जाचा हा वाटा सहसा सांगितला जात नाही.

व्याजदराचे चक्र ही कर्जाशी जोडलेली दुसरी जोखीम. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य निर्देशांकाशी जोडली गेली आहेत. मे २०२० मध्ये रेपो दर चार टक्क्यांवर आला आणि दोन वर्षे तेथेच राहिला. त्या स्वस्त कर्जाच्या काळात अनेकांनी घरे घेतली. मे २०२२ पासून दरवाढ सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये हा दर साडेसहा टक्क्यांवर पोहोचला. २०२५ च्या फेब्रुवारीपासून तो पुन्हा उतरू लागला.

पन्नास लाखांच्या वीस वर्षे मुदतीच्या कर्जाचा मासिक हप्ता सात टक्के व्याजाने सुमारे ३८ हजार ७६५ रुपये होतो. व्याजदर नऊ टक्के झाल्यास तो सुमारे ४४ हजार ९८६ रुपयांवर जातो. अनेक कर्जदारांना हप्ता वाढलेला जाणवलाच नाही, कारण बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढविली. तथापि, वरील कर्जात आरंभीच दर नऊ टक्के झाला आणि हप्ता न वाढविता मुदत वाढवत गेल्यास ते कर्ज फिटायला वीसऐवजी सुमारे अडतीस वर्षे लागतील. पस्तिसाव्या वर्षी कर्ज घेतलेल्या नोकरदाराचा हप्ता निवृत्तीनंतरही चालू राहील. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सूचना दिल्या, की व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला द्यावी आणि स्थिर दराकडे वळण्याचा पर्यायही उपलब्ध करावा. या निवडीची माहिती आपल्या बँकेकडून लेखी मागून घेणे कर्जदाराच्या हिताचे आहे.

ताबा न मिळालेले घर

बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पातील सदनिका तयार घरापेक्षा स्वस्त मिळते. हा फरक म्हणजे ग्राहकाने पत्करलेल्या जोखमीचे मोल असते. प्रकल्प वेळेत पूर्ण झाल्यास ते मोल त्याच्या पदरात पडते. रखडल्यास ते व्याजातच संपून जाते. ७५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने पूर्णपणे उचलले गेले असेल आणि ताबा तीन वर्षे लांबला, तर त्या तीन वर्षांचे केवळ व्याज सुमारे १९ लाख रुपये होते. भाड्याच्या घराचा खर्च त्याहून वेगळा.

रेरा कायद्याने ग्राहकाची बाजू निश्चितच बळकट केली. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी अनिवार्य झाली. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती केवळ जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी, कामाच्या प्रगतीच्या प्रमाणात आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांनंतरच काढता येते. लेखी करार नोंदविल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यावे लागतात.

ताबा लांबल्यास ग्राहकाला दोन मार्ग असतात : प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागणे किंवा प्रकल्पात राहून विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज घेणे. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या निधीआधारित सर्वोच्च कर्जदराहून दोन टक्के अधिक असते. पैसे परत मागण्याचा हक्क बिनशर्त असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

परंतु आदेश मिळणे आणि पैसा हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकासकाने रक्कम न दिल्यास प्राधिकरण वसुली प्रमाणपत्र देते आणि जिल्हाधिकारी कार्यालय जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करते. विकासकाकडे जप्त करण्याजोगी मालमत्ताच उरली नसेल, तर हे प्रमाणपत्र दीर्घकाळ कागदावरच राहते.

दुसरा मार्ग दिवाळखोरी संहितेचा. २०१८ च्या दुरुस्तीने घर खरेदीदारांना वित्तीय धनको मानले. पुढे असा अर्ज करण्यासाठी एकाच प्रकल्पातील किमान शंभर किंवा एकूण खरेदीदारांपैकी दहा टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्यांनी एकत्र येण्याची अट घालण्यात आली. हा मार्गही लांबचाच. जेपी इन्फ्राटेक कंपनीविरुद्ध ऑगस्ट २०१७ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. वीस हजारांहून अधिक घर खरेदीदार तिच्याशी जोडलेले होते. नव्या प्रवर्तकाच्या आराखड्याला राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाची मंजुरी मिळाली ती मार्च २०२३ मध्ये. बांधकाम त्यानंतरचे.

रखडलेल्या प्रकल्पांना अखेरचा अर्थपुरवठा करण्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘स्वामी’ निधी जाहीर केला. त्याचे उद्दिष्ट २५ हजार कोटी रुपयांचे होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १५ हजार कोटींच्या दुसऱ्या निधीची घोषणा झाली. मात्र हा निधी व्यवहार्य ठरणाऱ्या प्रकल्पांसाठी आहे. पैसा बाहेर गेलेल्या आणि जमिनीचा वाद असलेल्या प्रकल्पांना त्याचा आधार मिळणे कठीण असते.

हमखास परताव्याचे आमिष

‘ताबा मिळेपर्यंत हप्ता विकासक भरेल’ अशा योजना एके काळी मोठ्या शहरांत सर्रास दिसत. त्यांत कर्ज ग्राहकाच्या नावावर निघे, बँक बांधकाम होण्यापूर्वीच मोठी रक्कम विकासकाला देई आणि व्याज भरण्याचे आश्वासन विकासकाचे असे. विकासकाने व्याज भरणे थांबविले की बँक ग्राहकाच्या दारी येई, कारण कायद्याच्या दृष्टीने कर्जदार तोच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये कर्जवाटप बांधकामाच्या टप्प्यांशी जोडण्यास बँकांना सांगितले. जुलै २०१९ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहण्याची सूचना केली. राजधानी परिसरातील अशा व्यवहारांत विकासक आणि बँका यांचे संगनमत होते काय, याची चौकशी करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाला दिले.

ठरावीक काळानंतर चढ्या भावाने घर परत विकत घेण्याची हमी देणाऱ्या करारांचाही असाच धोका आहे. अशा करारान्वये पैसे गुंतविणारा केवळ नफ्यासाठी आलेला सट्टेबाज गुंतवणूकदार ठरू शकतो आणि त्याला विकासकाविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये म्हटले. हमी जितकी आकर्षक, तितके कायद्याचे संरक्षण पातळ होण्याची शक्यता, हा या निकालाचा सामान्य गुंतवणूकदारासाठी अर्थ आहे.

बांधून झालेली इमारतही सुरक्षित असेलच असे नाही

केरळमधील कोची शहराजवळच्या मरडू येथील चार निवासी संकुले किनारपट्टी नियमांच्या उल्लंघनामुळे जानेवारी २०२० मध्ये स्फोटांनी पाडण्यात आली. नोएडातील सुपरटेकचे जुळे मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी जमीनदोस्त झाले. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत १९८० च्या दशकात मंजुरीपेक्षा अधिक मजले बांधले गेले होते. ते बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरविले आणि जून २०१४ मध्ये महापालिकेने त्या मजल्यांचा वीज व पाणीपुरवठा तोडला. या तिन्ही ठिकाणी किंमत मोजून घर घेतलेल्यांना फटका बसला.

म्हणून जमिनीच्या मालकी हक्काचा वकिलाकडून घेतलेला शोध अहवाल, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र ही कागदपत्रे गुंतवणुकीचाच भाग समजली पाहिजेत. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागदपत्रे निर्दोष आहेत, असे मानता येत नाही. भूखंडाच्या बाबतीत आणखी सावधगिरी हवी. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन सहसा खरेदी करता येत नाही. ‘लवकरच अकृषिक होणार’ या आश्वासनावर घेतलेला तुकडा पुढे ना बांधता येतो, ना सहजी विकता येतो.

परताव्याचे खरे गणित

भारतातील निवासी घरांचे वार्षिक भाडे सामान्यतः घराच्या किमतीच्या दोन ते चार टक्के असते. मुंबईत एक कोटीचे तयार घर घेतल्यास सहा टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार रुपये नोंदणी शुल्क मिळून ६ लाख ३० हजारांचा खर्च पहिल्याच दिवशी होतो. बांधकाम सुरू असलेले घर असल्यास त्यावर पाच टक्के वस्तू व सेवा कर वाढतो. या खर्चासाठी सहसा कर्ज मिळत नाही. तो खिशातूनच करावा लागतो.

तयार घरावर ७५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने घेतले, तर पहिल्या वर्षीचे व्याज सुमारे ६ लाख ३० हजार रुपये होते. तीन टक्के दराने वर्षाचे भाडे तीन लाख धरले आणि त्यातून सोसायटीचे देखभाल शुल्क, मालमत्ता कर, दुरुस्ती व घर रिकामे राहण्याचा काळ वजा केला, तर हाती सुमारे २ लाख २० हजार उरतात. म्हणजे पहिल्याच वर्षी ४ लाख १० हजारांची तूट. स्वतःचे गुंतलेले ३१ लाख ३० हजार साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत राहिले असते, तर दोन लाखांचे व्याज मिळाले असते. दोन्ही मिळून घराची किंमत त्या वर्षी सहा टक्क्यांहून थोडी अधिक वाढली, तरच गुंतवणूकदार ना नफा ना तोटा या रेषेवर राहतो.

विक्रीच्या वेळी दलालीचा खर्च आणि कर येतो. चोवीस महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या घराच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून महागाईचा निर्देशांक न लावता साडेबारा टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घर घेतलेल्या निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना निर्देशांकासह वीस टक्क्यांचा जुना हिशेब करून कमी असेल तो कर भरण्याची मुभा आहे. नव्या खरेदीदाराला मात्र महागाईमुळे वाढलेल्या किमतीवरही कर द्यावा लागेल.

याखेरीज एक धोका सहसा लक्षात येत नाही. पुणे, बंगळूर किंवा हैदराबाद येथील माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचारी आपल्या कार्यालयाजवळच दुसरे घर घेतो, तेव्हा त्याचे वेतन, घराचे भाडे आणि घराचा भाव या तिन्ही गोष्टी एकाच उद्योगावर अवलंबून राहतात. त्या उद्योगात कपात झाल्यास तिन्हींना एकाच वेळी ओहोटी लागू शकते.

लहान रकमेतून या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास, अर्थात ‘रीट’, हा पर्याय आहे. ‘सेबी’ने २०१४ मध्ये त्याची नियमावली केली आणि एप्रिल २०१९ मध्ये देशातील पहिला असा न्यास शेअर बाजारात नोंदला गेला. त्याला किमान ८० टक्के गुंतवणूक पूर्ण झालेल्या व उत्पन्न देणाऱ्या मालमत्तेत ठेवावी लागते आणि वितरणयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम वाटावी लागते. येथे ताब्याची चिंता कमी आणि विक्री सुलभ असते. परंतु कार्यालयांची मागणी घटल्यास उत्पन्न आणि बाजारभाव दोन्ही खाली येऊ शकतात.

खरेदीपूर्वी काय पाहावे

रेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाची मूळ व सुधारित पूर्णत्वाची तारीख, जमिनीवरील बोजा, न्यायालयीन दावे आणि कामाची प्रगती पाहता येते. मूळ आणि सुधारित तारखेतील अंतर हे विकासकाच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक बोलके असते. त्याच विकासकाच्या आधीच्या प्रकल्पांना भोगवटा प्रमाणपत्र केव्हा मिळाले, याचीही पडताळणी करावी. व्याजदर दोन टक्के वाढल्यास आणि ताबा दोन वर्षे लांबल्यास हप्ता कोठून भरणार, हे आधीच लिहून काढावे. किमान सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर घेतलेले घर परवडणारे आहे असे म्हणता येणार नाही.

राहण्यासाठी घेतलेले घर कुटुंबाला निवारा देते आणि त्याचे मोल केवळ परताव्यात मोजता येत नाही. गुंतवणुकीसाठी घेतलेल्या घराला मात्र हा निकष लावता येत नाही. तेथे हिशेब पैशाचा आणि वर्षांचाच असतो. आम्रपालीच्या ग्राहकांनीही नोंदणी करताना भाव किती वाढेल, याचा अंदाज बांधला असेल. भाव वाढला नाही आणि घरही मिळाले नाही, तर किती वर्षे तग धरता येईल, हा प्रश्न त्याआधी विचारण्याचा आहे.